कडेचा खेळ

“साहेब, मधी नका आपटू चेंडू. कडंला या,” दस्तूमामा म्हणाले.

मी ऐकलं नाही. तीस वर्षांचा होतो आणि दोनच महिन्यांपूर्वी मॅनेजर झालो होतो, एवढं कारण पुरेसं होतं. मी तडक मधल्या वर्तुळात जाऊन उभा राहिलो, नवाकोरा बास्केटबॉल डोक्यावर उचलला आणि दाणकन खाली आपटला.

चेंडू वर आलाच नाही. म्हणजे आला, पण जेमतेम पोटरीपर्यंत, आणि ठप्प असा आवाज करून माझ्या बुटापाशी लोळत पडला. मी तो दाबून पाहिला. हवा ठीक होती. चार पावलं बाजूला जाऊन आपटला, तर छातीपर्यंत उसळला. परत मध्ये येऊन आपटला. ठप्प.

“मामा, हे काय आहे?”

“लाकूड हाय साहेब,” मामा गंभीरपणे म्हणाले. “लाकडाचं बी कधी कधी मन लागत न्हाई.”

ही गोष्ट एक्क्याण्णव सालातली. आमच्या तांबगिरीच्या क्रीडा व रंजन मंदिराला पाटीवर भलंमोठं नाव होतं, पण गावात त्याला कुणी त्या नावानं ओळखत नसे. वरून पत्रा, चार बाजूंनी भिंती, आत साडेतीन हजार माणसं मावतील एवढ्या पायऱ्या आणि मधोमध सागवानी फळ्यांची जमीन. लोक म्हणायचे ‘डबा’. लग्नपत्रिकेवरसुद्धा ‘स्थळ : डबा’ असं छापलेलं मी पाहिलेलं आहे. डब्यात काय होत नसे? सकाळी बॅडमिंटन, दुपारी साड्यांचा सेल, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. कबड्डीचे सामने, आमदारांच्या मुलीचं लग्न, जादूचे प्रयोग, रक्तदान. एकदा तर कुत्र्यांचं प्रदर्शन झालं होतं. त्यात पहिला नंबर कुणाला द्यावा हेच परीक्षकांना कळेना, कारण झाडून सगळी कुत्री मालकांना फरफटत मधल्या वर्तुळात जायची आणि नाक खाली घालून हुंगत राहायची. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. कुत्र्यांना काय कळलं असेल, हा विचार काही कुणाच्या डोक्यात आला नाही.

दस्तूमामा, म्हणजे दस्तगीर जमादार, हे या डब्याचे मुकादम. डबा बांधला तेव्हापासूनचे. सकाळचं मैदान दुपारी बाजार करायचं आणि संध्याकाळी नाट्यगृह करायचं, हे त्यांचं काम. हाताखाली सहा माणसं. जमिनीच्या प्रत्येक फळीला खालून नंबर घातलेला होता आणि कुठल्या नंबरला कुठला खिळा सैल आहे, हे मामांना तोंडपाठ. मी कॉलेजात असताना याच जमिनीवर खेळलो होतो. तेव्हा ते मला ‘हेमू’ म्हणायचे. मी मॅनेजर होऊन आलो त्या दिवशी त्यांनी मला ‘साहेब’ केलं. ते आदरानं की गमतीनं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मी काही लहानसहान खेळाडू नव्हतो, हे सांगितलं पाहिजे. निदान मला तसं वाटायचं. एक्क्याऐंशी सालच्या आंतरजिल्हा स्पर्धेत अंतिम सामना डब्यातच झाला. शेवटचं अर्धं मिनिट. आम्ही एका गुणानं मागे. नागपूरचा कप्तान चेंडू घेऊन मधून येत होता, आणि मी झेप घेऊन त्याच्या हातून चेंडू हिसकावला, कडेनं पळालो आणि बास्केट केली. गावानं मला खांद्यावर घेऊन मोती चौकापर्यंत नेलं. वर्तमानपत्रात ठळक मथळा आला : ‘तारळेकरची वाघझेप’. ते कात्रण फ्रेम करून मी ऑफिसात माझ्या खुर्चीच्या मागे लावलं होतं, म्हणजे समोर बसणाऱ्याला ते वाचण्यावाचून गत्यंतरच राहू नये. त्याच वाघझेपेच्या सर्टिफिकेटवर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला ही नोकरी लागली होती. एक वर्ष उमेदवारी, मग कायम. आणि नगराध्यक्षांनी स्वच्छ सांगितलं होतं, “राज्य बास्केटबॉल स्पर्धा डब्यात आणा तारळेकर. आणलीत तर कायम. नाही आणलीत तर तुमचं तुम्ही बघा.”

स्पर्धा देण्याआधी राज्य संघटनेचा माणूस जमीन तपासायला सोमवारी येणार होता. आज गुरुवार होता. आणि जमीन मधोमध मेलेली होती.

तुम्ही विचाराल, की बाबा, याच जमिनीवर चार वर्षं खेळलास आणि तुला हे ठाऊक नव्हतं? नव्हतं. आमचे प्रशिक्षक इनामदार सर. त्यांचा एकच कडक नियम होता. मधून चेंडू न्यायचा नाही, कडेनं न्यायचा. मधल्या वर्तुळात जो चेंडू आपटेल त्यानं डब्याला दहा फेऱ्या मारायच्या. मात्र समोरचा मधून येत असला की खुशाल येऊ द्यायचं आणि बरोबर वर्तुळात झेप घ्यायची. याला सर ‘कडेचा खेळ’ म्हणत. मला हे डावपेच इतके थोर वाटले होते, की शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी मी त्यावर साठ पानी प्रबंध लिहिला. ‘मैदानाच्या मध्यभागी प्रतिस्पर्ध्याचे मनोधैर्य खचते’ असा त्यातला निष्कर्ष होता. मार्कही चांगले पडले होते.

“मामा, उद्या फळ्या उचला. खाली काय झालंय बघू.”

“उद्या कसं साहेब? आज ऑर्केस्ट्रा. त्येचं स्टेज सकाळी निघनार. दुपारी कबड्डीच्या गाद्या पडत्यात.”

“मग कबड्डी झाल्यावर.”

“गाद्या काढल्या की लाकूड घामेजतं. लगेच उचललं तर फळी वाकती. जमीन बिघाडली तर सोमवारी त्यो मानूस काय म्हनंल?”

“परवा?”

“परवा शनिवार,” मामा म्हणाले आणि एवढं पुरेसं आहे अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिले.

शनिवार म्हणजे काय, ते मला कळलं नाही. शनिवारचं मला एवढंच ठाऊक होतं, की त्या दिवशी डब्यात ताक असायचं. सकाळी दुधाचे दोन कॅन भरून ताक यायचं आणि दहाच्या सुमारास मामा स्वतः मला पेला आणून द्यायचे. मीठ, जिरं, थोडं आलं. मी नव्या नोकरीत खूश असण्याचं ते एक मोठं कारण होतं. दोन कॅन ताक आठ माणसं कशी पितात, हा हिशेब मी कधी घातला नव्हता.

शुक्रवारी गाद्या पडल्या, उचलल्या, लाकूड घामेजलं. मामा मला प्रत्येक वळणावर नवं कारण द्यायचे आणि ते कारण असं पटण्याजोगं असायचं, की मीच ‘बरोबर आहे’ म्हणून परत फिरायचो. घरी जेवताना माझ्या लक्षात आलं, की मॅनेजर मी असून दोन दिवस मलाच खेळवलं जातंय. म्हणून शनिवारी सकाळी सहालाच मी सायकल काढली.

डब्याचं मागचं दार उघडं होतं. आत मधल्या वर्तुळातल्या सगळ्या फळ्या उचलून नंबरवारी रचून ठेवल्या होत्या. त्या जागी बारा फूट लांब, बारा फूट रुंद असा हौद होता आणि हौदात तांबडीलाल माती. मातीत गुडघ्यापर्यंत उतरून दस्तूमामा फावड्यानं ती वरखाली करत होते. अंगात बनियन, धोतराचा काचा मारलेला, साठीला टेकलेला माणूस. काठावर ताकाचे दोन्ही कॅन, चिरलेल्या लिंबांची पाटी, हळदीचा पुडा, तेलाची बाटली. मारुतीची लहानशी तसबीर फळ्यांना टेकून ठेवलेली, तिच्यापुढे कापूर. आणि शेजारी पत्र्याच्या खुर्चीत एक थकलेला, भल्याथोरल्या हाडापेराचा म्हातारा बसला होता. त्यानं पावलं मातीत सोडली होती आणि डोळे आढ्याकडे लावले होते. ते डोळे बघत नव्हते, हे एका नजरेत कळत होतं.

“दस्तू, कोन आलं रं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

मामांनी फावडं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

“मॅनेजर सायेब आल्यात, वस्ताद.”

“खेळतोय काय?”

“खेळतो,” मी जरा ताठ्यानंच म्हणालो. “बास्केटबॉल. राज्यपातळीवर.”

“हिकडं ये.”

का कोण जाणे, मी गेलो. वस्तादांनी माझा हात चाचपला, दंड दाबला, मग एकदम माझा कान पकडला आणि बोटांनी दुमडून पाहिला. पैलवानाचा कान मातीत घासून घासून गड्डा होतो. माझा कान आईनं दिला तसाच होता.

“कान तर कोराच हाय. पाठ?” त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “हिला कधी माती लागलीया?”

“मी इथे एकही सामना हरलेलो नाही.”

“आरं मग कसला खेळगडी तू?” वस्ताद म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडानं मनापासून हसले.

मी हसण्याच्या पलीकडे गेलो होतो. मी मामांकडे वळलो. “हे काय आहे? कधीपासून आहे? नगरपालिकेच्या जमिनीखाली तुम्ही...”

“नगरपालिका वर हाय साहेब. जमीन बिरोबा तालमीची,” मामा शांतपणे म्हणाले, आणि फावड्यावर हात ठेवून त्यांनी मला सगळं सांगितलं.

डबा बांधला त्या जागी पूर्वी बिरोबा तालीम होती. खुर्चीतले हे अण्णाप्पा वस्ताद तिचे धनी. गावाला मोठं क्रीडामंदिर हवं होतं आणि मोक्याची जागा तेवढीच होती. वस्तादांनी ती दिली. मोबदला म्हणून काही मागितलं नाही, एक अट घातली : हौदातली माती हलवायची नाही. तिच्यावर तीन पिढ्यांचा घाम पडला होता. नगरपालिकेनं हो म्हटलं, ठराव केला, टाळ्या वाजवल्या. मग नकाशात हौद कुठे बसेना. वरून हुकूम आला की खड्डा काँक्रीटनं भरून टाका. तेव्हा दस्तूमामा त्याच बांधकामावर मजूर होते आणि वस्तादांचे पठ्ठेही. इंजिनिअर दुपारी जेवायला गेला, त्या दीड तासात मामांनी हौदाच्या काठाला बोटभर सिमेंटची कड केली, आतल्या मातीवर तुळया टाकल्या आणि वर फळ्या ठोकल्या. इंजिनिअर ढेकर देत आला, सिमेंटची कड बघून ‘छान’ म्हणाला आणि सही करून गेला.

“तवापासनं दर शनवारी हिला ताक पाजतो,” मामा म्हणाले. “माती उपाशी ऱ्हायली की दगड हुती. उरल्यालं आपून पितो.”

म्हणजे दोन महिने मी मातीचं उष्टं पीत होतो, आणि वर ‘आज आलं थोडं कमी पडलं मामा’ असंही म्हणालो होतो.

“मामा, सोमवारी तपासणी आहे,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “हा खड्डा भरावा लागेल. माझी नोकरी आहे ही. खेळून मिळवलेली. उपकारावर नाही मिळालेली.”

पायाला लागलेली माती मामांनी हातानं निपटून परत हौदात टाकली.

“हेमू,” ते म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. “इनामदार सरास्नी कडंनं खेळवाया कुनी सांगितलं, म्हाईत हाय?”

“कुणी?” मी विचारलं.

“म्या. पयल्याच सामन्यात आपल्या पोरांचा चेंडू हितं मेला. सर फळ्या उचलाया निघालं. म्या पाय धरलं त्येंचं. म्हनलं, सर, उचलू नका, पोरं कडंनं पळवा. सर हसलं. म्हनलं, दस्तू, ह्यो तर लई भारी डाव झाला. तवापासनं डब्यात आपून हरलो न्हाई. भाईर गेल्यावर जिंकलो का कधी?”

नव्हतो जिंकलो. सोलापूर, सातारा, नाशिक, जिथे गेलो तिथे पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळून परत आलो होतो. प्रवास बाधतो, पाणी बाधतं, पंच विकले गेलेत, अशी आम्ही दर वेळी एकमेकांची समजूत घातली होती. आता उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांसमोरून ती वाघझेप गेली. नागपूरचा कप्तान मधून येतोय. मी झेप घेतली, हे खरं. पण त्याच्याही आधी त्याचा चेंडू वर आला नव्हता. तो वाकून खाली बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होतं. दहा वर्षं मी त्या आश्चर्याला भीती समजत आलो होतो. त्याला वाटलेली माझी भीती.

मला इतकी लाज वाटली, की मी तडक सायकल घेऊन घरी आलो.

रविवारी डब्यात बुकिंग नव्हतं. मी दिवसभर घरी बसून माझा प्रबंध वाचला. साठच्या साठ पानं. ‘मध्यभागी मनोधैर्य खचते’ या वाक्याखाली मी तेव्हा पट्टीनं लाल रेघ मारली होती. बायको दोनदा येऊन कपाळाला हात लावून ताप बघून गेली. संध्याकाळपर्यंत माझं ठरलं. ज्या मातीनं मला जिंकवलं तीच उकरून टाकून कायम व्हायचं, हे काही माझ्या पचनी पडेना. सोमवारी त्या तपासनिसाला सरळ सांगायचं, की आमची जमीन स्पर्धेच्या लायकीची नाही. मग नगराध्यक्ष काय म्हणायचं ते म्हणू देत.

सोमवारी अकराला तपासनीस आले. उंच, किंचित वाकलेले, हातात टेप, वही आणि स्वतःचा बास्केटबॉल. “मी चारुदत्त वैरागडे. नागपूर,” ते म्हणाले.

एक्क्याऐंशी सालचे नागपूरचे कप्तान. तेच ते. दहा वर्षांत त्यांचे केस गेले होते आणि माझं पोट पुढे आलं होतं, पण तो चेहरा मी विसरणं शक्य नव्हतं. त्यांनी मात्र ओळख दाखवली नाही. ऑफिसात चहा घेताना माझ्या डोक्यामागचं कात्रण त्यांनी शांतपणे वाचलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “चला, पाहून घेऊ.”

ते एका कोपऱ्यापासून सुरू झाले. दर हातभर अंतरावर चेंडू आपटायचा, कुठवर उसळतो ते बघायचं, वहीत खूण करायची. कडेपासून मध्याकडे, ओळीनं. दस्तूमामा भिंतीला टेकून उभे होते. वर्तुळ दहा पावलांवर आलं तसा मी पुढे झालो.

“साहेब, मध्ये जाण्याआधी मला तुम्हाला काही सांगायचंय.”

“आधी पाहू द्या,” वैरागडे म्हणाले आणि वर्तुळात जाऊन त्यांनी चेंडू आपटला.

चेंडू खणखणीत वाजला आणि थेट त्यांच्या छातीपर्यंत आला.

मी मामांकडे पाहिलं. मामा आढ्यातले पंखे मोजत होते. वैरागड्यांनी पुन्हा आपटला, आणखी जोरात. पुन्हा छातीपर्यंत. दहा वेळा, पंधरा वेळा. मग ते खाली बसले आणि फळ्यांवर तळहात टेकवून कितीतरी वेळ तसेच राहिले.

“तारळेकर, तुम्ही आठ नंबर होते ना?” त्यांनी वर न बघताच विचारलं.

“हो.”

“इथेच. ह्याच जागी चेंडू मेला माझा. दहा वर्षांपासून मी सांगून राहिलो, जमीन खराब होती. प्रशिक्षकांना सांगितलं, वडिलांना सांगितलं, लग्न झाल्यावर बायकोलाही सांगितलं. कोणी नाही मानलं. घरी माझ्या हातून काही पडलं ना, की बायको म्हणते, जमीन खराब असेल.” ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “ही तपासणी दुसऱ्याकडे होती. मी मागून घेतली. म्हटलं एकदा पाहूनच घेऊ. पाहिलं. जमीन चांगली आहे. हात माझाच सुटला होता.”

त्यांनी पेन काढलं आणि वहीत लिहिलं : जमीन उत्तम. मला ते उलट्या बाजूनंही स्वच्छ वाचता आलं.

आता मला फक्त गप्प बसायचं होतं. बाकी सगळं झालेलं होतं. स्पर्धा, नोकरी, भिंतीवरची वाघझेप, सगळं शाबूत. मी तोंड मिटून नुसता उभा राहिलो असतो, तर आजही लोकांनी मला वाघच म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू, दोन क्षण मी गप्प राहिलोही.

“शनिवारपर्यंत खराब होती,” मी म्हणालो.

वैरागड्यांचं पेन थांबलं. “काय म्हणाले?”

“तुमचा हात सुटला नव्हता. इथे फळ्यांखाली माती होती. चेंडू उसळतच नव्हता. आम्हाला कडेनं खेळायला शिकवलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी चेंडू हिसकावला नाही, पडलेला उचलला.”

“पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हणालो. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला, मग डोळे भरले, मग ते फतकल मारून जमिनीवर बसले आणि गदागदा हसायला लागले. “बाप्पा रे! दहा वर्षं! दहा वर्षं काहून नाही बोललात?”

“मलाच परवा कळलं.”

“लिहून द्याल?”

“देतो.”

“माझ्या बायकोच्या नावानं द्या.”

मी ऑफिसात गेलो, फ्रेम उतरवली, काच काढली आणि कात्रण डकवलेल्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : ‘या दिवशी चेंडू वैरागडे यांच्या हातून सुटला नाही. तो जमिनीने धरला.’ खाली सही केली आणि मॅनेजर, क्रीडा व रंजन मंदिर असा शिक्का मारला. वैरागड्यांनी तो कागद दोनदा वाचून घडी केली आणि वरच्या खिशात ठेवला. ‘जमीन उत्तम’ मात्र त्यांनी खोडलं नाही. म्हणाले, आज आहे ना उत्तम, मग झालं.

तर स्पर्धा आम्हाला मिळाली. मी कायमही झालो. एप्रिलमध्ये तांबगिरीचा संघ डब्यात पहिल्यांदा हरला, तोही एकतीस गुणांनी, आणि चांगली जमीन या मॅनेजरनं नासवली म्हणून गाव सहा महिने माझ्याशी धड बोलत नव्हतं. पण ते नंतरचं.

त्या सोमवारी आम्ही दोघं दस्तूमामांसमोर जाऊन उभे राहिलो. “माती कुठाय मामा?” मी विचारलं. खरं तर मला रडू येत होतं.

“वस्ताद म्हनलं, काढ,” मामा म्हणाले. “म्या म्हनलं, न्हाई काढत, चोवीस वर्सं संबाळलीया. तर म्हनलं, पोरगं आपल्याच मातीवर मोठं झालंय, त्येच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई. काल तालमीतली जुनी समदी आली. पोटं सुटल्याली, गुडघं धरल्याली. दिवसभर पाट्या वाहिल्या. खड्ड्यात मुरूम ठोकला, वर इटा लावल्या. चला, दावतो.”

डब्याच्या मागे जनरेटरच्या खोलीपलीकडे, कंपाउंडच्या भिंतीलगत नवा हौद खणला होता. त्यात ती तांबडी माती पसरलेली होती, वर ताकाचा ओलावा. काठावर त्याच पत्र्याच्या खुर्चीत अण्णाप्पा वस्ताद मातीत पावलं सोडून बसले होते. उन्हानं त्यांचा चेहरा उजळला होता. आढ्याखालून माती उन्हात आली, याचं त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसत नव्हतं.

“कोन हाय दस्तू?”

“मॅनेजर सायेब. आन नागपूरचं एक पाव्हनं हायती. पूर्वी हितं त्या दोगांची गाठ पडली व्हती.”

“आस्सं?” वस्तादांनी मान आमच्या दिशेनं वळवली. “मग दोगांत पडला कोन?”

“मी,” वैरागडे म्हणाले.

“मी,” मी म्हणालो.

आम्ही दोघंही एकाच वेळी बोललो होतो. वस्तादांनी खाली वाकून ओंजळभर माती उचलली. “मॅनेजर, हिकडं ये. पाठ कर.”

मी पाठ केली. तपासणीसाठी त्या दिवशी मुद्दाम पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. वस्तादांनी ती ओली माती माझ्या पाठीवर थापली आणि वरून पंज्यानं असा सणसणीत धपका दिला, की मी दोन पावलं पुढे गेलो.

“आता लागली,” ते म्हणाले. “आता खेळ.”